नापसंत आहे, एवढंच कारण

रमजान तोंडावर आला की घर आवरायला काढायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. यंदा शाबानच्या पहिल्या आठवड्यात मी बैठकीच्या खोलीसाठी एक गालिचा मागवला. दुकानात जाऊन नव्हे, मोबाइलवरून. रात्री साडेअकराला, सराव परीक्षेचे पेपर तपासता तपासता. चित्रात तो शेवाळी हिरवा होता, कडेला बारीक नक्षी. खाली लाल अक्षरांत ‘फक्त २ शिल्लक’ असं लिहिलेलं आणि शेजारी एक घड्याळ उलटं पळत होतं. किंमत २,३४९ रुपये. मी बटण दाबलं आणि परत पेपरांकडे वळले.

पाचव्या दिवशी गालिचा आला. आधीच सांगते, त्याच्यात काहीही खोट नव्हती. माप बरोबर, वीण घट्ट, रंग अगदी चित्रातल्यासारखा. पण आमच्या खोलीच्या भिंती फिकट पिवळ्या, दिवाणावरचं कापड मरून. गालिचा अंथरला आणि ती एवढीशी खोली आणखी आकसल्यासारखी दिसायला लागली. सासूबाई म्हणाल्या, “अच्छाच तो है, रेहने दे.” मिस्टर म्हणाले, “सवय होईल.” मी दोन दिवस सवय करून बघितली. नाही झाली. तिसऱ्या दिवशी गुंडाळी करून कोपऱ्यात उभा केला आणि परत करायचं ठरवलं.

ॲपवर ‘परत करा’ हे बटण शोधायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी दोन गालिचे विकत घेतले असते. ते सापडल्यावर एक यादी आली. परतीचं कारण निवडा. माल खराब निघाला. माल फाटलेला आहे. चुकीचा माल आला. वर्णनाप्रमाणे नाही. आणि सगळ्यात शेवटी, ‘आता नको आहे’. मी खरं तेच निवडलं. उत्तर आलं, ‘या कारणासाठी परतीची सोय उपलब्ध नाही.’

माझी मुलगी नववीत आहे. ती शेजारी बसून बघत होती. म्हणाली, “अम्मी, ‘खराब’ दबाओ ना. सब येइच करते.” मी तिच्याकडे बघितलं तर तिच्या चेहऱ्यावर ना अपराधीपणा, ना खट्याळपणा. एखाद्या फॉर्मवर पिनकोड कसा भरायचा हे सांगावं, तसं तिने सांगितलं होतं. मग मोठ्या उत्साहाने पुढची युक्तीही सांगितली. गालिच्याचा एक धागा ओढायचा आणि फोटो काढायचा.

ही एवढीच गोष्ट. २,३४९ रुपयांनी माझं घर बुडत नाही. पण त्या रात्रीपासून एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. ज्या व्यवहारात खरं बोलणाऱ्याला दार बंद आणि खोटं बोलणाऱ्याला दार उघडं, तो व्यवहार आपण सगळ्यांनी इतक्या सहज मान्य कसा केला? शाळेत मी उर्दूच्या तासाला ‘सच्चाई’वर निबंध लिहून घेते आणि मराठीच्या तासाला ‘प्रामाणिकपणा’वर. दोन्हींत मुलं छान छान वाक्यं लिहितात. घरी येऊन हीच मुलं आईबापांना परतीच्या कारणांची यादी भरायला मदत करतात.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू, कारण याबाबत बहुतेकांची समजूत चुकीची आहे. माझीही होती. मला वाटायचं की ऑनलाइन घेतलेली वस्तू सात-दहा दिवसांत परत करता येते, तो आपला हक्क आहे. तसा हक्क नाही. ती कंपन्यांनी दिलेली सवलत आहे. त्या हवी तेव्हा, हव्या त्या मालावर देतात आणि हवी तेव्हा काढून घेतात.

आपल्याकडे पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ सालचा. त्याला २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. त्यामागे मोठी चळवळ होती आणि त्या चळवळीत महाराष्ट्राचा वाटा मोठा. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. पाठोपाठ मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करून महिन्याचा माल एकत्र मागवायचा, ही पद्धत तिने रुजवली. घरबसल्या यादी भरून खरेदी करण्याची कल्पना मराठी माणसाला मोबाइलने शिकवलेली नाही. जुन्या कायद्याच्या जागी २०१९ चा कायदा आला, तो जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे वेगळे नियमही आले.

या नियमांत चांगल्या गोष्टी बऱ्याच आहेत. माल सदोष असेल, नकली असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल किंवा ठरलेल्या मुदतीनंतर आला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. कंपनीने तक्रार अधिकारी नेमायचा. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. ऑर्डर रद्द केली म्हणून ग्राहकाकडून दंड घ्यायचा असेल, तर कंपनीनेही स्वतः ऑर्डर रद्द केल्यास तसाच भुर्दंड सोसला पाहिजे. मूळ कायद्यातही सदोष माल परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरायचे. आपल्या लक्ष्मीपुरीत, राजारामपुरीत आजही कित्येक पावत्यांवर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का असतो. सदोष मालाच्या बाबतीत त्या शिक्क्याला काही अर्थ नाही, एवढं तरी वाचकांनी लक्षात ठेवावं.

पण या सगळ्यात सारखा येणारा शब्द बघा. सदोष, सदोष, सदोष. दोष मालात असेल तर कायदा तुमच्या पाठीशी. माल चांगला आहे, फक्त मला नको आहे, असं म्हणणाऱ्यासाठी एक ओळही नाही. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून विचारलं. मराठीत बोलता येतं, हे चांगलं आहे. पलीकडच्या व्यक्तीने शांतपणे ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं की माल वर्णनाप्रमाणे असेल तर कंपनीचं जे धोरण आहे तेच चालतं. ते धोरण मी नंतर वाचलं. चार वेळा ‘अधिक पहा’ दाबल्यावर ते दिसतं. त्यात लिहिलेलं होतं की या मालावर फक्त सदोष असल्यास बदली. म्हणजे माहिती दिलेली होती, मी वाचली नव्हती. ती चूक माझी, आणि ती मी या लेखात लपवणार नाही.

आता कुणी म्हणेल, मॅडम, चूक तुमची आहे तर तक्रार कसली? दुकानात जाऊन वस्तू घेतली, घरी आणली, नाही आवडली, तर दुकानदार थोडाच परत घेतो? हा मुद्दा वाजवी वाटतो, पण मला तो पटत नाही. दुकानात मी वस्तू बघितलेली असते.

माझ्या लहानपणी अब्बा महाद्वार रोडवरच्या एका दुकानातून ईदच्या आधी चार-पाच साड्या घरी आणायचे. अम्मी बुरख्यात बाजारात जायची, पण साड्यांच्या दुकानात दहा माणसांसमोर पदर अंगावर टाकून बघणं तिला जमायचं नाही. तर साड्या घरी यायच्या. अम्मी, खाला, शेजारच्या पाटीलकाकू असं सगळं मंडळ बसून त्या बघायचं. एक ठेवायची, बाकीच्या संध्याकाळी अब्बा परत नेऊन द्यायचे. दुकानदार एका वेगळ्या वहीत ते लिहून ठेवायचा. कुणी कुणाला कारण विचारत नसे. ‘पसंत नाही पडली’ एवढं पुरेसं असायचं.

या पद्धतीला मराठीत नाव आहे. जांगड. जांगड नेलेला माल म्हणजे पसंत पडला तर ठेवायचा, नाही तर परत करायचा अशा बोलीवर नेलेला माल. हिंदी-उर्दूत ‘जाकड’ म्हणतात. दोन्ही भाषा शिकवणारी बाई म्हणून मला हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवून बघायला फार आवडतं. आजच्या मुलांना हा शब्द विचारला तर एकालाही येत नाही. सोन्याच्या आणि हिऱ्यांच्या व्यापारात मात्र तो अजून जिवंत आहे. आणि ही काही नुसती बाजारातली तोंडी रीत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यात, कलम २४ मध्ये, पसंतीवर दिलेल्या मालाचा स्पष्ट उल्लेख आहे. ग्राहकाने पसंती कळवली, किंवा माल आपलाच समजून वापरला, किंवा ठरलेली मुदत उलटून गेली तरी परत केला नाही, की मगच माल त्याच्या मालकीचा होतो. तोवर तो विक्रेत्याचाच.

जी वस्तू मी डोळ्यांनी बघितली नाही, हाताने चाचपली नाही, ती माझ्या घरी येते तेव्हा ती खरं तर जांगडच आलेली असते. फक्त पैसे आधी घेतलेले असतात. मोबाइलच्या काचेवर बोट फिरवणं म्हणजे गालिच्यावर हात फिरवणं नव्हे.

इथे मला आमच्या फिकहमधली, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रातली, एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. धर्माचा प्रचार म्हणून नव्हे. ज्या प्रश्नावर आपण आज अडलोय, त्याच्यावर किती जुना आणि किती बारीक विचार झालेला आहे, ते दिसावं म्हणून. हनफी फिकहमध्ये ‘खियार-ए-रूयत’ नावाचा हक्क आहे. खियार म्हणजे निवड, रूयत म्हणजे पाहणं. न बघता वस्तू विकत घेतली असेल तर बघितल्यावर ती ठेवायची की सौदा मोडायचा, हे ठरवण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. वस्तूत दोष असण्याची अट नाही. दोषाचा हक्क वेगळा आहे, त्याचं नावही वेगळं, ‘खियार-ए-ऐब’. म्हणजे आपला २०१९ चा कायदा ज्या दोन गोष्टींतली एकच ओळखतो, त्या दोन्ही गोष्टी या शास्त्राने कित्येक शतकांपूर्वी वेगळ्या करून ठेवल्या. १९ व्या शतकात उस्मानी तुर्कांनी ‘मजल्ला’ नावाची दिवाणी संहिता तयार केली, तेव्हा त्यांनी हा नियम तिच्यात कलम म्हणून घातला.

बाराव्या शतकात मर्गीनानी यांनी लिहिलेला ‘हिदाया’ हा ग्रंथ मदरशांत आजही शिकवतात. त्यात या हक्काची चर्चा वाचताना मजा येते. ‘बघितलं’ म्हणजे नेमकं किती बघितलं? धान्याच्या राशीचा वरचा भाग बघितला तर पुरे. घडी घातलेल्या कापडाची वरची बाजू बघितली तर पुरे, कारण आतलं कापड तसंच असणार. मग प्रश्न येतो, आंधळ्या माणसाने खरेदी केली तर? उत्तर असं की जी वस्तू स्पर्शाने कळते ती त्याने हात लावून बघावी, जी वासाने कळते तिचा वास घ्यावा, जी चवीने कळते ती चाखावी. तसं करेपर्यंत त्याचा हक्क शाबूत. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, अरे, हे तर आपल्याविषयीच आहे! ऑनलाइन खरेदीत आपण सगळेच निम्मे आंधळे असतो. डोळ्यांना चित्र दिसतं, पण हाताला, नाकाला काही कळत नाही.

सगळे इमाम यावर एकमताचे नाहीत, हेही सांगायला हवं. कोकणातले आमचे बांधव शाफई आहेत. त्यांच्या प्रचलित मताप्रमाणे न बघितलेल्या वस्तूचा सौदाच मुळात धरत नाहीत, त्यामुळे नंतरच्या हक्काचा प्रश्नच येत नाही. चित्र आणि व्हिडिओ म्हणजे बघणं धरायचं का, यावरही आजच्या विद्वानांत दोन मतं आहेत. मी काही मुफ्ती नाही. तो वाद मी त्यांच्यावर सोडते.

पण एका गोष्टीवर वाद नाही. ती म्हणजे ‘इकाला’. सौदा पक्का झाला, कुणाचा काही दोष नाही, तरी एकाला पस्तावा झाला आणि दुसऱ्याने उदारपणे सौदा मोडू दिला, तर त्याला इकाला म्हणतात. अबू दाऊद आणि इब्न माजा यांच्या हदीस-संग्रहांत याविषयी एक हदीस आहे. तिचा आशय असा की जो पस्तावलेल्याचा सौदा परत घेतो, त्याच्या चुका कयामतच्या दिवशी अल्लाह माफ करील. आमच्या गल्लीतल्या कित्येक हाजी दुकानदारांना ही हदीस तोंडपाठ आहे. त्यांच्याच गल्ल्यामागे ‘माल परत घेतला जाणार नाही’ची पाटीही आहे. हे मी रागाने लिहीत नाही. त्यांच्यातल्या दोघांशी माझे चांगले संबंध आहेत आणि ते हे वाचतीलच.

जगात इतरत्र काय चाललंय? युरोपीय संघाने २०११ मध्ये एक निर्देश काढला. त्यानुसार घरबसल्या घेतलेली वस्तू हाती आल्यापासून १४ दिवसांत, कुठलंही कारण न देता, परत करता येते. कारण विचारायची सोयच नाही. इंग्लंडमध्येही २०१३ च्या नियमांनी हेच केलं. नात्यातली एक मुलगी लग्न होऊन तिकडे गेली आहे. तिला मी माझी गालिच्याची गोष्ट सांगितली तर तिला ती कळेचना. “पण आपा, तुम्ही परत का नाही करत?” असं तिने तीन वेळा विचारलं.

तिकडच्या कायद्यात शहाणपण असं आहे की तो फक्त ग्राहकाचे लाड करत नाही. परत पाठवायचा खर्च साधारणपणे ग्राहकाने सोसायचा. मापाने शिवून घेतलेली वस्तू, नाशवंत माल, आरोग्याच्या कारणाने सीलबंद दिलेली आणि सील तोडलेली वस्तू, यांना हा हक्क लागू नाही. आणि दुकानात आपण एखादी वस्तू जेवढी हाताळून बघतो त्यापेक्षा जास्त वापरून तिची किंमत उतरवली, तर तेवढे पैसे कापता येतात.

हे मला का महत्त्वाचं वाटतं ते सांगते. माझा एक जुना विद्यार्थी कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकतो. बाजारात दोनशे रुपयांना मिळतो तो रेक्झिनचा प्रकार नाही, खरा चामड्याचा माल. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. त्या मानांकनाचा त्याला फार अभिमान. मी परतीच्या हक्कावर लिहितेय म्हटल्यावर तो जरा नाराजच झाला. मला गोदामात घेऊन गेला आणि एक पोतं दाखवलं. परत आलेल्या चपलांचं. एका जोडीच्या तळाला चिखल वाळलेला. एका जोडीत डावी त्याची, उजवी कुठल्या तरी दुसऱ्याचीच. एका जोडीला लग्नातली हळद लागलेली. प्रत्येकावर कारण एकच, ‘सदोष’. “मॅडम, जाताना पाठवायचा खर्च माझा, येताना आणायचाही माझाच. आणि ‘सदोष’ लिहिलं की माझं रेटिंग पडतं ते वेगळंच. नावडली म्हणून कोण लिहितच नाही. लिहिलं असतं तर मला कळलं तरी असतं की पट्टा रुंद करायला पाहिजे.”

त्याचं शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. सक्तीच्या खोट्याची किंमत कोण मोजतं? ॲप नाही मोजत. मोजतो हा पोरगा आणि त्याच्यासाठी चपला शिवणारे कारागीर. एखाद्या चांगल्या चपलेवर ‘खराब’ असा शिक्का बसतो, तो ती बनवणाऱ्या माणसाच्या हातावर बसतो. मी तो धागा ओढून फोटो पाठवला असता, तर भदोहीत किंवा पानिपतमध्ये कुणाच्या तरी नावावर तो लागला असता.

आणि आपल्या लोकांबद्दलही बोलायला हवं. ईदच्या दिवशी लेबल आत खोचून ड्रेस घालायचा, सेल्फी काढायच्या आणि तिसऱ्या दिवशी परत पाठवायचा, असं करणारी घरं मला माहीत आहेत. दिवाळीत करणारीही माहीत आहेत. याला मन बदलणं म्हणत नाहीत. हे फुकट भाड्याने घेणं आहे. जांगडीच्या वहीवाला दुकानदार असल्या गिऱ्हाइकाला पुढच्या वेळी दारात उभं करत नसे, आणि बरोबरच करायचा. तेव्हा ओळख होती, तोंड दाखवायचं होतं. आता दोन्ही बाजूंना तोंडच नाही.

कंपन्या म्हणतात, लोक गैरफायदा घेतात म्हणून आम्ही नियम कडक केले. लोक म्हणतात, नियम असे आहेत म्हणून आम्ही खोटं बोलतो. दोघंही थोडे खरे आहेत. पण सुरुवात कुणी केली, असं विचाराल तर माझं बोट कंपन्यांकडे जाईल. घाई कोण करवतं? माझ्या गालिच्याचं ‘फक्त २ शिल्लक’ मी त्यानंतर अकरा दिवस रोज बघितलं. ते दोनच राहिले. घड्याळ रोज रात्री नव्याने पळायला लागायचं. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिले आहेत आणि त्यातला पहिलाच ‘खोटी घाई’. म्हणजे घाईघाईने निर्णय घ्यायला लावणं चूक आहे, हे सरकारला मान्य आहे. मग त्या घाईत घेतलेला निर्णय शांतपणे बदलण्याची मुदत का मान्य नसावी?

बरं, ही कल्पना आपल्या कायद्याला नवीनही नाही. विमा पॉलिसी घेतली आणि कागद वाचल्यावर नको वाटली, तर ती परत करता येते. आता त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. मोबाइलवरून घेतलेल्या कर्जातही, रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे, दंडाशिवाय बाहेर पडायची थोडी मुदत द्यावी लागते. म्हणजे लाखाचा विमा घेणाऱ्याला मन बदलता येतं, पण गालिचा घेणारीला नाही.

माझं म्हणणं फार मोठं नाही. घरबसल्या घेतलेल्या वस्तूला सात दिवसांची कायदेशीर जांगड-मुदत द्या. खाण्याच्या वस्तू, आतले कपडे, मापाने शिवलेलं काही, हे सोडून. परत पाठवायचा खर्च ग्राहकाने द्यावा. मी आनंदाने दीडशे रुपये दिले असते. वापरलेली वस्तू असेल तर पैसे कापा. पण कारण विचारू नका, आणि विचारलंच तर ‘पसंत नाही’ हे यादीत सगळ्यात वर ठेवा. आणि त्या परतीपायी लहान विक्रेत्याचं रेटिंग पाडू नका, ॲपने त्याच्याकडून वेगळी फीही घेऊ नये. यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड आहे हे मला कळतं. परतीचा हक्क वाढवला आणि बोजा माझ्या त्या विद्यार्थ्यावर ढकलला, तर मी आज लिहितेय त्याच्या उलटा लेख मला उद्या लिहावा लागेल.

किमती वाढतील, असंही म्हणतील. थोड्या वाढतील कदाचित. पण आजच्या किमतीत त्या चिखलाच्या चपलांचा खर्च धरलेलाच आहे की. तो आत्ताही आपणच भरतोय, खोटं न बोलणारेसुद्धा.

मी त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. मुलीला शेजारी बसवून लिहिलं. ‘माल उत्तम आहे. तुमची काही चूक नाही. मला तो पसंत नाही. परत पाठवायचा खर्च मी देते.’ मुलगी म्हणाली, असं कोण लिहितं? दुसऱ्या दिवशी पोच आली. बाविसाव्या दिवशी उत्तर आलं की धोरणानुसार विनंती मान्य करता येत नाही आणि आम्ही तुमच्या प्रामाणिकपणाची कदर करतो. हे शेवटचं वाक्य वाचून मिस्टर खूप हसले. मुलगी हसली नाही. तिने ते पुन्हा वाचलं आणि फोन खाली ठेवला.

गालिचा रमजानभर कपाटामागे उभा होता. ईदच्या दुसऱ्या दिवशी माझी नणंद मिरजेहून आली, तिची नजर गेली. तिच्या घरी भिंती पांढऱ्या आहेत. मी म्हटलं, घेऊन जा, आठ दिवस अंथरून बघ, नाही आवडला तर परत आण, कारण सांगू नकोस. ती म्हणाली, “और रखी तो पैसे?” मी म्हटलं, मग दोन हजार दे, जमतील तसे. सासूबाईंनी आतून विचारलं, “जाकड दी क्या?”

आठ दिवस होऊन गेले. तिचा फोन आला नाही, पाचशे रुपये आले.